कालिंदीबाईंचा दातांचा पट्टा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला घोड्याचा लगाम आठवला तरी मला राग येणार नाही. मी दात मागे ओढणारा एक जुना पट्टा आहे. माझ्या सुती पट्ट्या डोक्याभोवती आणि मानेमागून जात. पुढची तार तोंडातल्या दाढांना बसवलेल्या कड्यांत अडके. कलकत्त्यातल्या धर्मतळ्याच्या एका दंतवैद्यांनी ती तार स्वतः वाकवली आणि त्यांच्या ओळखीच्या शिंप्याने पट्ट्या शिवल्या. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षे झाली होती.

माझे भाऊबंद मुलांच्या डोक्यावर गेले. मी मात्र बागबाजारच्या कालिंदीबाईंच्या वाट्याला आलो. त्या कलकत्त्यातच जन्मलेल्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. दात बरेच पुढे आलेले, म्हणून हसू आले की पदर तोंडाशी जाई. लहानपणी यावर इलाज असतो हेच घरात कुणाला ठाऊक नव्हते.

"मला तू अशीच आवडतेस. मग हा खटाटोप कशाला?" यजमान गुरुदत्त म्हणाले. ते खिदिरपूरच्या गोदीत जकात खात्यात होते.

"तुम्हाला आवडते हो. पण मला एकदा मोकळेपणी हसायचंय."

सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. शाळेतून आल्यावर त्या मला चढवत, ते थेट सकाळी उतरवत. जबडा ठणके, कुशीवर वळता येत नसे, मऊ भातसुद्धा चावताना डोळ्यांत पाणी येई. दारावर थाप पडली की त्या मला ओढून काढत आणि उशीखाली दडपत. एका संध्याकाळी आरशात पाहता पाहता त्यांना रडू कोसळले.

"पुरे झालं. या वयात हे सोंग नको."

मी कपाटात गेलो. पावसाळी दमट हवेने माझ्या पट्ट्यांना बुरशी चढू लागली. मग एका रविवारी गुरुदत्तांनी मला साबणाने धुतले, उन्हात वाळवले आणि बाईंच्या हातात दिले.

"घालायचा की नाही ते तू ठरव. पण तुझी वस्तू अशी कुजायला नको."

बाईंनी मला डोक्यावर चढवले.

त्याच संध्याकाळी जवळच्या बजबज गावाहून श्यामराव आले. ते गुरुदत्तांच्या वडिलांचे स्नेही, तोंडाचे पार बोळके झालेले. दार उघडेच होते. मला लपवायला वेळच मिळाला नाही.

"अगं, डोक्याला काय झालं? पडलीस की काय?"

"नाही काका," बाई अडखळत म्हणाल्या, "दात मागे नेतेय."

"बेतानं ने हो! माझे मागे गेले ते परत आलेच नाहीत!"

बाई अशा खळखळून हसल्या की माझी तारसुद्धा हलली. पदर खांद्यावरच राहिला. दात तर अजून तसूभरही सरकले नव्हते.

त्यानंतर त्या मला घालून स्वयंपाक करू लागल्या, गच्चीत येऊन समोरच्या बंगाली शेजारणींशी गप्पा मारू लागल्या. किती सुखाचे दिवस होते ते! यथावकाश दात जागेवर आले आणि मला पेटीत विश्रांती मिळाली.

एकदा श्यामला नावाची बँकेत काम करणारी तरुणी भेटायला आली. तिलाही त्याच दंतवैद्यांनी असाच पट्टा दिला होता; तो पिशवीत होता, पण घालायला ती घाबरत होती. बाईंनी मला बाहेर काढले, स्वतःच्या डोक्यावर चढवले आणि म्हणाल्या, "आधी चहा घेऊ. मग तुझा बांधू या."

मित्रांनो, आम्हांला धुऊन, वाळवून ठेवत जा. आणि कुणी असा पट्टा घालून दारात आले, तर नजर चुकवू नका. त्याला आत बोलवा.