पुढची जागा

बाबांच्या होडीत दोनच माणसं मावायची, आणि त्यातली पुढची जागा थोरलीची होती. नऊ वर्षांची असल्यापासून. बाबा मागे सुकाणू धरून बसत, ती डोलकाठीला पाठ टेकून. शीड चढवणं, उतरवणं, वारा चढला की पुढचं लहान शीड सैल सोडणं, ही कामं तिची. धाकटीला नुसती होडी हलताना बघूनच मळमळायचं, त्यामुळे वाटेकरी कुणी नव्हतं. थोरली आता शेहेचाळीस वर्षांची होती, पडदे शिवायचं तिचं स्वतःचं दुकान होतं. तरी रविवारी सकाळी दुकानाला कुलूप लागायचं आणि ती तळ्यावर हजर असायची.

त्या वर्षी बाबांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी व्यायाम दिले, पण हात काही वर जाईना. एकदा सगळे जेवायला जमले असताना धाकटीच्या नवऱ्याने विषय काढला. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. दोर आणि कप्प्या हा त्याचा रोजचा धंदा. त्याचं म्हणणं, डोलकाठीच्या बुडाशी कप्प्या बसवायच्या आणि सगळ्या दोऱ्या तळाशी लावून मागे, सुकाणूच्या जागेपर्यंत न्यायच्या. मग एकच माणूस बसल्या बसल्या सगळं करू शकेल. बाबांनी जेवण अर्धवट टाकून कागद-पेन्सिल मागवली. थोरलीला कुणी काही विचारलं नाही. ती भाजी वाढत राहिली.

पुढचे तीन आठवडे होडी तळ्याकाठच्या शेडमध्ये उलथीपालथी होत होती. बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलेलं. त्यांच्या पटाशीला घरात कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही, थोरलीलाही नाही. ती पटाशी तिने जावईबापूंच्या हातात पाहिली आणि ती दारातच थांबली. बाबा शेजारी स्टुलावर बसून त्याला लाकडाची शीर कुठे वळते ते दाखवत होते, आणि मधूनच दोघं हसत होते. धाकटी चहा घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, बाबांना आता हक्काचा मुलगा मिळाला. थोरलीने चहा नको म्हणून सांगितलं.

दोरी अडकवायचा दातेरी चिमटा जावईबापूंनी बाकाच्या बाजूला, कडेच्या खाली बसवला. दिसायला सुबक. थोरलीने रिकाम्या होडीत दोरी ओढून पाहिली. अडकायची छान, पण सोडवायला वर उचलावी लागे, आणि वर बाकाची कड आडवी येत होती. हलक्या हाताने ती सुटली. शिडात वारा भरून ती ताणली गेली की सुटणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने दोरी नीट गुंडाळून ठेवली आणि हात पुसले. बाबांनी कसं वाटतंय म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सुरेख."

रविवारी बाबा एकटे निघाले. ती आणि जावईबापू काठावर उभे होते. पहिली फेरी झकास झाली. बाबांनी दुरून हात केला, तो तिला की त्याला, हे तिला कळलं नाही. मग वाऱ्याचा झोत आला. होडी कलली. बाबा वाकून दोरीशी झटताना दिसले, एकदा, दोनदा, आणि शीड पाण्यावर आडवं झालं.

काठावर एक वल्ह्याची नाव होती. दोघांनी एकेक वल्हं घेतलं आणि होडीच्या दिशेने मारत गेले. बाबा उलटलेल्या होडीला धरून तरंगत होते. ओठ निळे पडले होते, पण शुद्धीवर होते.

शेडमध्ये त्यांना कोरडं करून बसवल्यावर जावईबापू रडवेल्या आवाजात म्हणाला, की चूक त्याची आहे, ताण देऊन बघायला हवं होतं. बाबांनी हात त्याच्या पाठीवर ठेवला. त्या हाताकडे बघताना थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

"का?" बाबांनी विचारलं.

"मग माझं काय काम उरलं असतं?"

बाबा उठून घरी गेले. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले.

नवव्या दिवशी जावईबापू दुकानात आला. पडद्यांच्या ढिगाऱ्याशी उभा राहून म्हणाला, "ताई, चिमटा कुठे बसवायचा ते दाखवायला चला."

तिने विचारलं, तुम्हाला राग नाही आला?

"आला. बाबा बुडाले असते." तो थोडा थांबला. "पण ही खटपट त्यांनी स्वतःसाठी नव्हतीच केली. खांदा काही सुधारायचा नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मला म्हणाले, मी थांबलो की थोरली एकटीने होडी कशी काढणार? सदतीस वर्षं पुढेच बसलीय. सुकाणू कधी तिच्या हाती दिलंच नाही मी."

"हे तुम्हाला कधी सांगितलं?"

"कागदावर आखत होतो, त्याच दिवशी. तुम्ही आत गेल्यावर."

तिला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. पण त्या लाजेच्याही आधी मनात आलं ते हेच, की बाबांनी हे याला सांगितलं. मला नाही.

तरी ती गेली. चिमटा बाकाच्या वर, हाताला सहज येईल असा बसवला, आणि जावईबापूंनी दोरीला पूर्ण वजन देऊन तो दहा वेळा सोडवून पाहिला. रविवारी ती मागच्या जागेवर बसली. बाबा काठावरून पहिल्यांदा बोलले, "सुकाणू आवळून धरू नकोस."

तिची होडी आधी लव्हाळ्यात घुसली. मग नुसतीच गोल फिरली. तिसऱ्या खेपेला शीड भरलं आणि दोऱ्या तिच्या मांडीशी ताणल्या गेल्या. झोत आला तेव्हा तिने दोरी उचलली, ती सुटली. ती तळ्याच्या मध्यावर एकटी होती आणि होडी तिचं ऐकत होती.

वळताना तिने काठाकडे पाहिलं. बाबा आणि जावईबापू फळीवर खांद्याला खांदा लावून बसले होते आणि कशावर तरी हसत होते. बहुतेक तिच्यावरच.

तिने होडी काठाजवळ लावली, गुडघाभर पाण्यातून चालत आली आणि म्हणाली, "जावईबापू, जरा तिकडे सरका." तो सरकला. ती ओल्या कपड्यांनी दोघांच्या मधे बसली.