तांबडीचा पोळा

“शिंगांना बेगड लावा म्हनता, पन हिची शिंगं कुटं हायेत?” मुक्ताबाईनं विचारलं.

महिपतीनं मोटारीच्या दोन मोठ्या दिव्यांकडं बोट केलं. मुक्ताबाईनं कपाळावर हात मारून घेतला, पण बेगड नीट चिकटवली. लग्न होऊन टाकव्यात आल्यापासून नवऱ्याची खुळं सोसायची तिला सवय होती, आणि खरं सांगायचं तर हे खूळ तिलाही आवडलं होतं. आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झाल्यावर महिपतीनं तांबडीच्या चाकांच्या आसांना ग्रीस भरलं होतं. बैलाच्या कानात जेवणाचं आवतण सांगतात, तसं तिच्या बॉनेटजवळ तोंड नेऊन सांगितलंही होतं. लोक हसले. हसेनात का.

तांबडी म्हणजे रेसची मोटार. बसकी, लांब नाकाची, लालभडक, टप नसलेली. माणसं दोनच बसायची, पण मुंबई-पुणे रस्त्यावर भलेभले तिच्या मागं राहायचे. आता अशी मोटार भात लावणाऱ्या माणसाच्या गोठ्याशेजारी कशी आली, ते सांगायला हवं.

महिपती लोणावळ्याला एका पारशी शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर होता. मोटार शेठच्या मुलाची. धाकटे शेठ रेसमध्ये पळवायचे, पोरासारखं हसायचे, आणि महिपतीला शेजारी बसवून घाटात असं वळण घ्यायचे की याचा जीव मुठीत यायचा. त्यांनीच त्याला ती पळवायला शिकवली. मग लढाई लागली, धाकटे शेठ विमान चालवायला गेले आणि ब्रह्मदेशाकडं कुठंतरी विमानासकट पडले.

लोणावळ्याची रीत अशी, की मृग लागला की बंगले बंद. मोटारी लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवायच्या, गोणपाटात गुंडाळायच्या, त्या थेट दिवाळीला सोडायच्या. त्या वर्षी माळी गोणपाट घेऊन आला आणि शेठना ते बघवेना. त्यांनी महिपतीला बोलावलं, मोटार कागदोपत्री त्याच्या नावावर करून दिली, आणि अट घातली एकच.

“बारमाही चालली पाहिजे. माझा पोरगा उभ्या गाडीला मेलेली बोलायचा. मी न सांगता येईल. उभी दिसली तर परत घेऊन जाईल.”

महिपतीनं चालवली. आणि कशी चालवली म्हणता! मावळचा पाऊस चार महिने कोसळतो. हा पठ्ठ्या डोक्यावर इरलं घेऊन त्या उघड्या मोटारीत बसायचा. भात लावताना बाया घेतात ते पानांचं इरलं, आणि त्याखाली रेसची मोटार. लोणावळ्याच्या बाजारात लोक दुकानं सोडून बघायला यायचे. शेजारच्या बैठकीवर गावच्या दुधाचे कॅन दोरीनं बांधलेले असत. दूध लोणावळ्याच्या लष्करी छावणीत जाई, म्हणून पेट्रोलचं कुपन मिळे. एकदा कार्ल्याच्या पुढं कुणा बड्या माणसाच्या मोटारीनं भोंगा वाजवून वाट मागितली. महिपतीनं दिली नाही. लोणावळ्याच्या नाक्यापर्यंत तो बडा माणूस मागंच राहिला, आणि दुधाचा थेंब सांडला नाही. ही गोष्ट महिपती कुणी विचारली नाही तरी सांगायचा.

गावात एकट्या भिमाजी आबांना तांबडीचं कौतुक नव्हतं. पोळ्याच्या मिरवणुकीत कुणाचा बैल कितवा चालणार हे तेच ठरवत, आणि जे जनावर शेण देत नाही ते त्यांच्या लेखी जनावरच नव्हे.

तर त्या भाद्रपदी पोळ्याला तांबडी अंगणात उभी होती. पाठीवर झूल, दिव्यांना बेगड, बॉनेटवर गेरूचे ठिपके. महिपतीचं म्हणणं सरळ होतं: वर्षभर राबणाऱ्याला आज जुंपायचं नाही. बैलाला नाही आणि हिलाही नाही. त्या दिवशीचं दूध माणसांनी डोक्यावरून कान्ह्याच्या स्टेशनला नेलं आणि आगगाडीनं धाडलं.

आणि नेमके त्याच दिवशी शेठ आले. लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर रोज सकाळी दिसणारी तांबडी दिसली नाही. छावणीत विचारलं तर दूध आगगाडीनं आलेलं. शेठ पुढच्या गाडीनं कान्ह्याला उतरले आणि टांगा करून टाकव्यात पोचले, तेव्हा दुपार कलली होती. काळा कोट, हातात काठी. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता. त्यांनी झुलीखालची मोटार पाहिली आणि ते जागीच थांबले. त्यांना गोणपाटच दिसलं असणार.

“मी काय बोलला होता, महिपती?”

महिपतीनं पोळा म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली, शेठनी हात वर करून थांबवलं. ते म्हणाले, मला सण नको सांगू, आत्ता बस आणि चालव, मला लोणावळ्याला सोड, म्हणजे मी काही पाहिलंच नाही.

सोपं होतं. झूल काढायची, किल्ली फिरवायची. मुक्ताबाईनं दारातून डोळ्यांनी तेच सांगितलं. मिरवणुकीसाठी बैल घेऊन निघालेली माणसं कुंपणाशी थबकली होती. महिपती तांबडीकडं बघत राहिला. ती गेली तर आपण पुन्हा साधा ड्रायव्हर, हे त्याला ठाऊक होतं. रात्री तिच्या वासानं झोप लागायची, ती लागणार नाही, हेही ठाऊक होतं.

“शेठ, पावसात चालवली, चिखलात चालवली. एक दिस खाडा न्हाई. पन आज तिचा मान हाय. आज मी तिला जुंपनार न्हाई. न्यायची तर उद्या न्या.”

शेठचा चेहरा उतरला. “ती उभी दिसली की मला तो पडलेला दिसते, रे,” ते हळूच म्हणाले. महिपतीचे डोळे भरून आले.

तेव्हा कुंपणापलीकडून भिमाजी आबा खाकरले.

“जुंपीत न्हाईत, पन मिरवत्यात तर खरं. वरती कुनी बसू नका. कासरा धरून चालवा.”

महिपतीला पटकन उमजलं. त्यानं मोटार सुरू केली, एक पाय आत घालून क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, हातानं पेट्रोलची दांडी बेताची ठेवत क्लच सोडून पाय बाहेर घेतला. तांबडीनं खोंडासारखी ओढ घेतली. महिपती दारावरून आत हात घालून, स्टिअरिंगचं चाक धरून, अनवाणी, तिच्या बरोबरीनं चालू लागला. पुढं भिमाजी आबांची बैलजोडी, मग गावची सारी जनावरं, आणि सगळ्यांच्या मागं, गर्दीत एक रिकामी मोटार. आत कुणी नाही आणि चालतेय. हलगीवाला मान मागं वळवून वळवून वाजवत होता. महिपतीची छाती अशी फुगली होती की बंडीची बटणं तुटतात की काय!

मारुतीच्या देवळापाशी शेठनी बूट काढले, काठी टांगेवाल्याकडं दिली आणि तांबडीच्या डाव्या बाजूला हात टेकून तेही चालू लागले. चिखलातून, मोज्यांसकट, घरापर्यंत.

दारात महिपतीनं गिअर काढून तांबडी थांबवली. मुक्ताबाईनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, मग तांबडीच्या पुढच्या चाकांवर घातलं, कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवला.

“तुझीच आहे,” शेठ म्हणाले. “पुढच्या पोळ्याला मला आवतण दे.”

महिपतीनं मान डोलावली आणि इंजिन बंद करायला आत हात घातला. शेठनी त्याचं मनगट धरलं.

“थोडा वेळ चालू राहू दे.”

पेट्रोल थेंबाथेंबानं वापरणाऱ्या महिपतीनं हात मागं घेतला. शेठ गरम बॉनेटवर तळवा ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. मुक्ताबाई आरतीचं ताट धरून थांबली.