सोमवारचं प्रस्थान

लंकेचा नकाशा मी अकरा वर्षं काढत आले होते. आमचे हे सोलापुरात भूगोलाचे मास्तर. नाव मुकुंद, मी ते घेत नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून इथे लिहिलं. जुन्या धोतराचा तुकडा खळ लावून ताठ करायचा आणि त्यावर शाईने नकाशा काढायचा, हे काम माझं. वर्गात त्यावर छडी फिरवायची, हे काम यांचं. कोलंबो कुठे नि कँडी कुठे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. समुद्र मात्र दोघांनीही पाहिला नव्हता.

एकोणीसशे पस्तीसच्या दिवाळीआधी लंका बघून यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि यांनी मान हलवली. शाळा दिवाळीसाठी बुधवारी सुटायची, आणि नरकचतुर्दशीच्या आंघोळीला घरी हजर पाहिजे, ही सासूबाईंची अट. मध्ये बरोबर नऊ दिवस. मी रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेऊन बसले. गुरुवारी मद्रासची मेल, तिथून धनुष्कोडी, मग बोट, आणि रविवारी सकाळी कोलंबो. तीन दिवस बघायचं आणि परत फिरायचं. कोलंबोतल्या एका गुजराती पेढीला पत्र टाकून खोलीचीही सोय केली. सही यांची, मजकूर माझा.

सासूबाईंनी, म्हणजे मथुराबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि जपमाळ बाजूला ठेवली.

"मुकुंदा, तू जा. पुरुषानं चार मुलुख बघावेत. बाईमाणसाचं समुद्रापार काय काम? आणि दिवाळीचा फराळ कोण करणार?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आईचंही बरोबर आहे. मी आधी बघून येतो. पुढच्या वर्षी दोघं जाऊ."

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. यांचं पुढचं वर्ष मला चांगलं ठाऊक होतं. बंगळूर त्यात गेलं, मुंबई त्यात गेली. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी अशी थापली की सासूबाईंनी दोनदा विचारलं, काय पडलं म्हणून.

आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. निघायच्या आधीच्या रविवारी सासूबाईंनी पंचांग उघडलं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, म्हणजे त्या दिवशी तिकडे पाऊल टाकायचं नाही. एरवी या दिशाशूलानेच आमचे सगळे बेत बुडवले होते. पण या खेपेला जायचं होतं एकट्या मुलाला, तेव्हा पंचांगातून वाटही निघाली.

"प्रस्थान ठेवू," त्या म्हणाल्या. "उद्या सोमवार, दिवस चांगला आहे."

प्रस्थान म्हणजे काय, ते सांगते. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, की आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं एखादं वस्त्र घ्यायचं, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ते गाठोडं ठेवून यायचं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला. मग तीन रात्रींहून जास्त न ठेवता ते उचलून पुढे चालायचं.

"आणि एकदा ठेवलं की घरी परत आणायचं नाही," सासूबाईंनी बजावलं. "आमच्या रावजीदादानं आणलं होतं. महिन्याच्या आत गाडीच्या चाकाखाली पाय आला. जन्मभर लंगडला."

"बरं," मी म्हटलं.

सोमवारी हे शाळेत, सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्यांनी यांच्या उपरण्यात गाठोडं बांधलं आणि माझ्या हाती दिलं. "बायकोच्या हातचं चालतं. अर्धांगीच ती."

आमच्या घराच्या दक्षिणेला हातमागवाल्या गुरम्माचं घर. मी तिच्या दारात पोचले तेव्हा माझ्या पदराखाली दोन गाठोडी होती. दुसरं माझ्या लग्नातल्या खणाचं. त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि नकाशे काढायचा माझा टाक.

गुरम्माने माग थांबवला. "येक मास्तरांचं. दुसरं कुनाचं वो?"

"माझं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही गाठोडी घेऊन देवाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली. "लई बरं झालं की," ती म्हणाली आणि पुन्हा मागावर बसली.

मंगळवारी मी बेसनाचे लाडू वळले, चकलीची भाजणी भाजून दळून आणली. सासूबाई म्हणाल्या, यंदा फार लवकर. मी म्हटलं, हो.

बुधवारी दुपारी शाळा सुटली. हे तिकीट काढायला स्टेशनवर निघाले, एका पायात वहाण सरकवली. तेव्हा मी म्हटलं, "दोन काढा. गुरम्माकडे माझंही प्रस्थान आहे. सोमवारीच ठेवलंय."

हे एका पायावर तसेच उभे राहिले. सासूबाईंचा चेहरा लाल झाला.

"कुणाला विचारून? जा, आत्ताच्या आत्ता घेऊन ये ते."

"आणते," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात तर आत्ता आणते. पुढे काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

त्या 'आण' म्हणाल्या असत्या, तर मी आणलं असतं, आणि लंका कायमची धोतरावरच राहिली असती. सासूबाईंनी पंचांग उघडलं, पान न वाचताच मिटलं.

"फराळाचं काय?"

"लाडू डब्यात आहेत. भाजणी तयार आहे. शुक्रवारी परत आले की चकल्या तळते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सोळा वर्षांत इतकं निरखून त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये," शेवटी त्या म्हणाल्या, आणि यांच्याकडे वळल्या. "उभा काय राहिलास? दोन काढ."

मग त्या उठल्या आणि देवघरातला छोटा पितळी गडू घेऊन आल्या. "धनुष्कोडीला सेतूची वाळू मिळते. ती भरून आण. तूच आण. हा विसरेल."

गुरुवारी सकाळी गुरम्माकडून दोन्ही गाठोडी उचलली आणि आम्ही स्टेशन गाठलं. मेल हलली, सोलापूरच्या गिरण्यांच्या चिमण्या मागे गेल्या, आणि मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. डब्यातले लोक बघत होते; बघू देत. मांडीवर खणाचं गाठोडं होतं, शेजारी गडू.

यांनी टोपी काढली, घाम पुसला. "निघालो बुवा एकदाचे."

"तुम्ही आज निघालात," मी म्हटलं. "मी सोमवारीच निघाले."