माफ म्हंजे काय

"तू माफ केलं म्हटल्याबिगर मी आत जात नाही."

स्ट्रेचरवर पडलेल्या तुळशीरामनी दाराची दांडी सोडली नाही. ऑपरेशन थिएटरचं दार उघडंच होतं. हृदयाची झडप बदलायची होती. पूर्वी असल्या दुखण्याला नागपूर गाठावं लागायचं. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाली, तशी इथंच सोय झाली होती.

"अम्मा, बोल दीजिए ना," नर्स सुनीती म्हणाली. "डॉक्टर साहब अंदर खड़े हैं."

त्यांची बायको अंजनाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

नवं राज्य झालं त्या संध्याकाळी तुळशीराम पिऊन घरी आले होते. तेव्हा ते रेल्वेत फिटर होते. रोषणाई दाखवायला म्हणून त्यांनी मुलाला, प्रशिकला, स्कूटरवर मागे बसवलं. "तुमी पेले हा, पोट्ट्याले नेऊ नका," असं अंजनाबाई दारातून ओरडत राहिल्या. बूढातालाबच्या वळणावर स्कूटर घसरली. कॉलेजात जाणारा मुलगा गेला. त्यानंतर तुळशीरामनी दारूला हात लावला नाही. अंजनाबाईंनीही त्यांना त्या संध्याकाळचं काही विचारलं नाही. पुरानी बस्तीतल्या घरात त्या लोकांच्या साड्यांना फॉल लावत राहिल्या. नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढायच्या, आणि ताट ठेवलं की आतल्या खोलीत निघून जायच्या.

"आई, बोल दे ना," त्यांची मुलगी रुचिता रडकुंडीला आली होती. "एकच शब्द तो है."

"तू पाली शिकवते ना कॉलेजात? माफ म्हंजे काय, सांग."

"अभी?"

"आताच."

रुचितानं दाराकडे पाहिलं. "अरबीतला शब्द आहे थो. मुळात मिटवणं, पुसून टाकणं."

"आन आपन बुद्धवंदनेत म्हनतो थे? खमतु?"

"ते क्षमाच. पण त्याचं मूळ वेगळं आहे. सोसणं. जमिनीलेही संस्कृतात क्षमा म्हणतात, सगळं सोसते म्हणून. आई, प्लीज, बाबांना बघ!"

तुळशीरामना धाप लागली होती. ओठ काळेनिळे पडले होते. सुनीती एकेक बोट सोडवू पाहत होती, तशी त्यांची मूठ आणखीच आवळत होती. आतून कुणीतरी ओरडलं, "क्या हुआ, ला क्यों नहीं रहे?"

अंजनाबाई स्ट्रेचरजवळ आल्या.

"माफ केलं, असं मी नाही म्हनत."

तुळशीरामनी डोळे मिटले. "आई!" रुचिता किंचाळली.

"पुसाचं मले जमत नाही. थो दिवस पुसाले गेली तं पोट्टाच पुसला जाते. पन सोसून राहिली मी. रोज तुमाले समोर पाहून सोसलं. आखीन सोसीन. त्याच्यासाठी तुमी घरी पाह्यजे."

दांडीवरची बोटं सैल झाली. स्ट्रेचर आत गेलं.

ऑपरेशन लांबलं. दोघी मायलेकी बाकावर बसून होत्या. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, धोका टळला.

काही दिवसांनी तुळशीरामना वॉर्डात आणलं. रुचिता कॉलेजला गेली होती. अंजनाबाई त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"स्कूटरवरून पडल्यावर थो काही बोलला होता काय?"

तुळशीरामनी तोंडापुढचा चमचा बाजूला केला.

"लोकं मले मारून राहिले होते. दारूचा वास आला होता त्याहिले. थो खाली पडून होता. म्हने, बाबा को मत मारो. तेवढंच बोलला."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलं नाही. आन मले तोंड नोतं."

अंजनाबाईंनी वाटी खाली ठेवली. स्टूल खाटेला अगदी लागून ओढलं आणि त्यावर बसल्या.

"आखीन एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "हळूहळू सांगा."