बर्फ चघळून मोजलेला ताप

मी थर्मामीटर बोलतोय. नाकाला रुमाल लावायचा तर खुशाल लावा, मला तीही सोय नाही. तोंड आलेल्या माणसाच्या जिभेखाली कसली घाण असते, ते मला विचारा. शी!

माझा मालक वेल्डर. रक्ताचा कॅन्सर झाला म्हणून धाकट्या बहिणीच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, त्याच्या अंगात घातल्या. महिनाभर काचेआडच्या खोलीत एकटा राहून तो घरी आला. ताप शंभराच्या वर गेला की तडक या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको दोन्ही वेळा मला पुसून त्याच्या हाती द्यायची आणि मी दाखवीन तो आकडा वहीत लिहायची.

तिसऱ्या महिन्यात ताप आला. पुन्हा त्या खोलीत जायला नको, म्हणून या शहाण्यानं काय करावं? आधी चोरून बर्फ चघळायचा, मग मला तोंडात धरायचं. मी आपला अठ्ठ्याण्णव दाखवायचो. बायको बिचारी समाधानानं लिहायची. असे नऊ दिवस! त्याच्या चिकट थुंकीची किळस होतीच, आता माझी मलाच यायला लागली. बाबांनो, आकडा आवडो न आवडो, मला खरं बोलू देत जा.

दहाव्या दिवशी बहीण आली. मानेवरची लिंबाएवढी गाठ तिनं पाहिली आणि गालातला बर्फही.

"दादा, तुझ्या अंगात रक्त माझं आहे ना? मग फसवतोयस कुणाला?"

तपासणीत लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर निघाला. पेशींबरोबर आलेला एक निजलेला विषाणू जागा झाला होता, आणि परक्या पेशींचं अंगाशी भांडण नको म्हणून चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीमुळे त्याला अडवणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी ती गोळी कमी केली, दर आठवड्याला सलाईनमधून औषध सुरू केलं. त्यानं भागलं नाही, तर बहिणीच्या पेशी पुन्हा द्यायच्या. वेळेवर आला असतात तर गाठी पोटात पोचल्या नसत्या कदाचित, असंही ते म्हणाले. बायको वहीकडे बघत राहिली.

काल चौथा डोस झाला. मानेवरची गाठ आता हाताला जेमतेम लागते. आज सकाळी मी अठ्ठ्याण्णव दाखवला, अगदी खरा. बायकोनं त्याला आ करायला लावला, टॉर्च मारून जिभेखाली पाहिलं, पाव तास समोर बसून राहिली आणि मला पुन्हा लावलं. अठ्ठ्याण्णवच. तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, आणि मेडिकलमधून नवा थर्मामीटर आणायला चपला घातल्या.

"अगं, खरंच ताप नाहीये," तो म्हणाला.

ती थांबली नाही.