रेघेखालचे चौकोन

ग्लेन ट्रेगारने टेबलावरची चहाची किटली बाजूला सरकवली आणि चौकशी समितीकडून आलेला कागद शाळेत त्याला गणित शिकवलेल्या डोनेगन बाईंपुढे पसरला. आलेख होता. आडवे सेकंद, उभा गाडीचा वेग.

"आलेख म्हटलं की तू खिडकीबाहेर बघायचास," बाई म्हणाल्या.

"बाहेरून गाडी जात असायची, बाई."

पुढे त्याच गाड्या त्याने एकतीस वर्षं चालवल्या, गव्हाने भरलेल्या चाळीस-चाळीस वाघिणी घेऊन बंदरापर्यंत. गेल्या नोव्हेंबरात, सकाळी दहाच्या सुमाराला, गावाबाहेरच्या बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर किरिली वॉर्डची मोटार रुळांवरच बंद पडली आणि ग्लेनच्या गाडीने ती उडवली. किरिली एकोणीस वर्षांची होती, बेकरीत कामाला. समितीने ग्लेनला निर्दोष ठरवलं. मोटार दिसली तेव्हा मध्ये चारशे मीटर होते आणि एवढी जड गाडी थांबायला आठशेहून जास्त लागतात. गावातल्या लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ग्लेन मात्र त्यानंतर इंजिनात चढला नव्हता.

बाईंनी चष्मा लावला. रेघ सुरुवातीला सपाट होती, सेकंदाला वीस मीटरवर. चार सेकंदांनंतर ती उतरू लागली होती.

"हे चार सेकंद?"

त्याने सांगितलं. आधी भोंगा दाबला. वाटलं, निघून जाईल, सगळेच अगदी शेवटी निघून जातात. मग ब्रेक लावला. जवळ आल्यावर मोटारीचं दार उघडलेलं दिसलं, तिचा एक पाय खाली टेकलेला. एवढं सांगून त्याने कागद बाईंकडे आणखी सरकवला.

"गाडी थांबली नसती, ते कळलं मला. पण शनिवारी तिची आई आली होती. तिने विचारलं, लगेच ब्रेक लावला असतास तर गाडी किती उशिरा पोचली असती? ते समितीने काढलेलंच नाही, बाई."

बाईंनी त्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. रेघेखाली जेवढी जागा, तेवढं अंतर. इथला एक चौकोन म्हणजे पाच मीटर, ऐंशी चौकोन भरले की क्रॉसिंग आलं. ग्लेनने स्वतः मोजले, प्रत्येक चौकोनात टिंब देत, रेघेने तुटलेले अर्धवट चौकोन जोडीजोडीने धरत. ऐंशी भरले तेव्हा त्याचं बोट बाविसाव्या सेकंदावर होतं.

मग बाईंनी दुसरी रेघ काढली, एकाच सेकंदानंतर उतरणारी, पहिलीला समांतर. या वेळी त्या मोजायला बसल्या. साठापर्यंत सावकाश गेल्या. पुढे पेन्सिल जरा भरभर चालली आणि वरच्या कडेचे पाच-सहा अर्धवट चौकोन त्यांनी पूर्ण धरले.

"बावीसच," त्या म्हणाल्या. "काही फरक पडला नसता, ग्लेन."

त्याने कागद आपल्याकडे ओढला. मग कागदाची घडी घातली, चहाबद्दल आभार मानले आणि टोपी उचलली. बाई कप गोळा करू लागल्या. जाळीच्या दाराशी जाऊन तो थांबला.

"शाळेत तुम्ही मला एकदाही अर्धा चौकोन पूर्ण धरू दिला नाहीत."

बाईंनी हातातले कप खाली ठेवले.

"तिच्या आईला सांगायचंय मला, बाई," तो हलकेच म्हणाला.

तो परत येऊन बसला. त्याने कागद उलगडला. बाईंनी पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली. मध्ये एकदा त्यांना चष्मा काढून पुसावा लागला, तेव्हा ग्लेनने त्या पोचल्या होत्या त्या चौकोनावर बोट धरून ठेवलं. ऐंशी भरले.

"तेवीस," बाई म्हणाल्या.

ग्लेनने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि समासात तो आकडा नीट, ठळक लिहिला. मग आपली मोटार बाईंच्या दारातच ठेवून, भर उन्हातून, तो वॉर्डांच्या घराकडे पायी निघाला.