उघडा तळवा

पट्टीच्या कडेला एक लाल ठिपका आहे — शाईचाच असेल, शाईचाच असू दे… मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ती आडवी पडलेली, शेजारी कोरा कागद. परदेशी शिकवायला निघताना दादांनीच, तिच्या वडिलांनी, ही पट्टी तिच्या बॅगेत खुपसली होती. "तिकडच्या पोरांनाही कळू दे, मास्तरांची लेक आलीय ते." दादांना जाऊन आज अकरा दिवस झाले. नोकरी कायम व्हायला दोन महिने उरलेले, रजा मिळेना. ती गेली नाही. रडलीही नाही.

पहिल्याच दिवशी गणिताच्या सरांनी — तेही बाहेरूनच आलेले — बजावलं होतं, "बाई, इथे पोरांकडे रागानं बघायचं म्हटलं तरी आधी अर्ज करावा लागतो!" किती हसली होती ती.

आणि आज तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरच्या मुलीनं शेजारणीच्या दंडात कर्कटक खुपसलं. वहीवर रक्त. वर ती कार्टी हसली — आणि सात महिने जपून बोलणाऱ्या बाईंच्या गळ्यातून दादांचाच आवाज फुटला, "हात पुढे कर!"

गावाकडची पोरं हात काखेत लपवत, तळव्यावर आधीच फुंकर घालत, "चुकलं बाई, चुकलं" करत. या मुलीनं सरळ हात पुढे केला. बोटं सैल, तळवा उघडा — काहीतरी मिळणार असल्यासारखा. तिला आयुष्यात कुणी मारलंच नव्हतं… आणि ते न घाबरणं पाहूनच बाईंच्या अंगात आग उसळली. एक. दोन. तिसऱ्या फटक्याला कातडी फुटली.

"चुकून लागलं, असं लिहा बाई," मुख्याध्यापिका दार लोटून घेत म्हणाल्या. "पुढचं मी निभावून नेते. तिची आई खाली येऊन बसलीय."

चुकून… दादा कधी चुकून मारत नसत, मोजून मारत. लेकीला दोन जास्त, कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून, आणि घरी आल्यावर त्याच बोटांनी तिच्या तळव्याला तेल चोळत विचारत, "दुखतंय का गं?"

"नाही, दादा."

तिनं पेन उचललं. 'माझ्या हातून' एवढं लिहिलं, आणि थांबली. टेबलाखाली डावा तळवा आपोआप उघडला होता — आणि ठणकत होता. दुखतंय, दादा, पहिल्यापासून दुखतंय… ती तेल लावणारी बोटं दातांत धरावीत, हाडापर्यंत कडकडून चावावीत, असं तिला इतकं आतून वाटलं, की जबडा आवळला गेला. आणि तेव्हा कुठे तिला नीट कळलं, की ती बोटं आता कुठेच नाहीत.

"बाई?" मुख्याध्यापिका खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. "पाणी देऊ?"